बिनवासाचा मध

३ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं सुरुवातीच्या काळातलं काही लिहून ठेवत नाहीत आणि पुढे मुलाखत देताना अडतात. माझं तसं होणार नाही.

पहिली नोंद. फुग्यांची कंपनी सोडली. सुपरवायझर होतो. मालक म्हणाले, रविंद्र, उद्यापासून नाही आलास तरी चालेल. म्हणजे यायचं की नाही हे त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी विचार करून निर्णय घेतला. जाताना रिजेक्ट मालातलं एक पोतं फुगे दिले. इतकी वर्षं काम केल्यावर मान असतोच.

दुसरी नोंद. आता स्वतःचा धंदा करायचा. अट एकच. मासळी नाही.

४ नोव्हेंबर

अटीचं कारणही लिहून ठेवतो.

आमचं घर धाकट्या डहाणूत, मच्छीमारांच्या गावात. दारापुढे वलांड्या, म्हणजे बांबूंचे उभे सांगाडे आणि त्यांना ताणलेल्या दोऱ्या. बोंबलांची जोडी तोंडात तोंड अडकवून दोरीवर टाकायची, वारा बाकीचं काम करतो. ते सगळं चंद्रावती बघते. माझी पत्नी. सुकलेला माल तीच तलासरीच्या बाजारात नेते. सध्या घर त्यावर चालतं. सध्या.

मला स्वतःला वासाची काही तक्रार नाही. जन्मापासून इथेच असल्यामुळे मला तो येतच नाही. पण लोकांना येतो. आजही तलासरीच्या एसटीत बघितलं. गाडीत माणसं उभी होती आणि चंद्रावतीच्या शेजारची सीट रिकामी. तिच्या पायाशी टोपली. मी पुढे ड्रायव्हरजवळ उभा होतो. कंडक्टरने विचारलं, दोघं एकत्र का? मी म्हटलं, नाही. महिलांचं अर्धं तिकीट वेगळं निघतं, त्याला सोपं जावं म्हणून म्हटलं. दुसरं काही नाही.

शिवाय योगिताचा विचार करायला हवा. आमची मुलगी, डहाणूला कॉलेजात आहे, कॉमर्स. तिला लोकांनी बोंबीलवालीची मुलगी म्हणू नये. संध्याकाळी तिला बाजूला घेऊन विचारलं, कॉलेजात आपल्या धंद्यावरून त्रास होतो का. म्हणाली, होतो, मैत्रिणी माझ्या डब्यातला बोंबील मला ठेवतच नाहीत. बिचारी मनातलं बोलत नाही.

१० नोव्हेंबर

सापडलं!

मोबाईलवर बघितलं. परदेशात मधात मिरची मुरवतात आणि पिझ्झ्यावर ओततात. हॉट हनी म्हणतात. बाटली दिसायला एकदम क्लास. मध शाकाहारी, मिरची शाकाहारी, आणि वास म्हणून काही नाही. हा धंदा माझ्यासाठीच थांबून राहिला होता.

मधाची सोयसुद्धा घरातच निघाली. झरी गावची हिरी बाजारात चंद्रावतीकडून सुकट नेते आणि बदल्यात रानातला मध देते, दर वर्षीचं ठरलेलं. यंदा जास्त आणायला सांगितलं. हिरीने विचारलं, एवढ्या मधाचं काय करशील? मी मिरचीचं सांगितलं. ती चंद्रावतीकडे बघून म्हणाली, याची तब्येत बरी हाय ना? नवीन कल्पनेला सुरुवातीला असाच विरोध होतो.

१४ नोव्हेंबर

मध तापवला. मंद आचेवर, मिरची घालून, रेसिपीप्रमाणे. आच मंदच होती. मीच थोडा फोनवर ब्रँडचं नाव शोधत होतो. मध उतू गेला. शेगडीवर, शेगडीखाली, ओट्यावरून खाली. मुंग्यांना एवढ्या लवकर बातमी कशी लागते हा अभ्यासाचा विषय आहे.

शेजारच्या जिवलीबायने खिडकीतून बघितलं. तिच्या मते तापवलेला मध म्हणजे विष. हे तिने माझ्यापाशी बोलून ठेवलं असतं तर ठीक होतं. दुपारपर्यंत बंदरावर बातमी पोचली की रविंद्रची नोकरी गेली आणि तो घरात बसून विष करतोय. चार माणसं समजूत घालायला आली. एकाने माझा हात हातात धरून सांगितलं, दिवस जातात. माझ्या त्या हाताला मिरची होती, आणि त्याने तोच हात उचलून आपल्या डोळ्याला लावला. भावनेच्या भरात. माझा दोष नाही.

पातेलं चंद्रावतीने घासलं.

ठराव: तापवणं बंद. कोल्ड पद्धत.

१९ नोव्हेंबर

कोसबाडच्या कृषी केंद्रात फळप्रक्रियेच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाला गेलो. मिरची-मध विषयपत्रिकेत नव्हता, पण मी उठून प्रश्न विचारला. मॅडम सविस्तर उत्तर देऊ लागल्या. तेवढ्यात बाहेर चहा आला. उत्तर थंड होत नाही, चहा होतो. परत येऊन बसलो तेव्हा मॅडमचं शेवटचं वाक्य ऐकू आलं, ‘... नाहीतर सगळं आंबतं.’ काय आंबतं ते कळलं नाही. चिकूबद्दल असावं.

प्रमाणपत्र मिळालं. देव्हाऱ्याशेजारी लावलं.

२२ नोव्हेंबर

बरण्या भरल्या. गंजाडच्या वाडीतल्या हिरव्यागार ताज्या मिरच्या, धुऊन, चिरून, थेट मधात. ताजं ते ताजं.

बरण्यांना झाकणं पुरेनात. मुंग्या वाटच बघत होत्या. मग मला सुचलं. फुगे! बरणीच्या तोंडावर फुगा ताणून बसवला, हवाबंद. फुग्याच्या कंपनीतला अनुभव असा कामाला येईल हे मालकांना कळलं तर वाईट वाटेल त्यांना.

आता फक्त थांबायचं.

२६ नोव्हेंबर

फुगे आपोआप उभे राहिले! लाल, पिवळा, निळा, एका रांगेत, फळीवर. कुणाचा तरी वाढदिवस असल्यासारखं दिसतंय. मध जिवंत आहे. श्वास घेतोय. आळीतली पोरं बघून गेली, मग त्यांच्या आया बघून गेल्या.

योगिता म्हणाली, पप्पा, ते आंबतंय. मी म्हटलं, कॉमर्सच्या मुलीने सायन्समध्ये बोलू नये.

२८ नोव्हेंबर

फुगे हलक्या दर्जाचे निघाले. कंपनी का खाली चाललीय ते कळलं.

जास्त लिहिण्यासारखं नाही. एक फुटला, त्याच्या धक्क्याने शेजारची बरणी पडली, तिने पुढची पाडली. छतावर. देव्हाऱ्यावर. प्रमाणपत्रावर. चंद्रावतीने दिवाळीला घेतलेल्या साडीवर, घडी मोडायची राहिली होती. घरातले सगळे डोळ्यांना पाणी लावत अंगणात बसलो होतो. जिवलीबाय नुसती आमच्याकडे बघत तांदूळ निवडत राहिली.

सुकी मिरची घालायला हवी होती. ओली आंबते. मॅडम तेच सांगत असणार. चहा जरा उशिरा आला असता तर आज हे झालं नसतं.

२ डिसेंबर

मिरची वाळवायची जागा हा प्रश्न. चंद्रावती म्हणाली, बाजारात सुकी मिळते की. मिळते. पण मग होममेड कशाला म्हणायचं?

जमिनीवर वाळू आणि कोंबड्या. पत्र्यावर मांजर. वलांडीसारखा वारा मात्र कुठेच नाही. आमच्याकडे काही वाळवायचं तर वलांडीच लागते. योगिताचा शाळेचा ड्रेससुद्धा तिथेच वाळत मोठा झाला. चंद्रावतीकडे एक ओळ मागितली.

सीझन भरात आहे. होड्या भरून येतायत, टाकायला दोरी पुरत नाही. एक ओळ म्हणजे काय, ते मलाही कळतं. तिने भरलेल्या दोऱ्या एकदा मोजल्या. मग उठली, मधल्या ओळीवरचे बोंबील उतरवले, दोरी ओल्या फडक्याने पुसली आणि म्हणाली, होळीपर्यंत ही तुमची. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, जमलं तर मला बरं वाटंल.

हे कशाला म्हणाली कोण जाणे. जमणारच आहे.

पिकलेल्या लाल मिरच्या दोऱ्यात ओवून टांगल्या. वर बोंबील, खाली बोंबील, मध्ये माझी लाल ओळ. वरच्या ओळीतून थोडं पाणी टपकतं, पण ऊन आहे, सुकून जातं. दव पडू नये म्हणून संध्याकाळी सगळ्यावर मिळून एकच ताडपत्री.

१६ डिसेंबर

मिरच्या कडकडीत वाळल्या. कुटून मधात घातल्या. मुरू दिल्या. फुगे नाहीत, झाकणं विकत आणली.

आज चव घेतली. आधी गोड, मग घशाशी तिखट. अस्सल. चंद्रावतीने बोट चाटून मान हलवली, तशी ती सहसा हलवत नाही. मी मुद्दाम विचारलं, कसला वास येतो का? तिने हुंगलं. नाय. योगिताने हुंगलं. नाही. मी स्वतः दहा वेळा हुंगलं. काही नाही.

तरी घरच्यांवर विसंबून धंदा होत नाही. आळीत घरोघरी बाटली फिरवली. बंदरावर नेली. जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्यांना दिली, पाटीवाल्या बायकांना दिली. प्रत्येकाला एकच प्रश्न, वास येतो का? एकालाही आला नाही. जिवलीबायने दोन चमचे खाऊन हे विष नसल्याचं जाहीर केलं.

सबंध धाकट्या डहाणूचं एकमत. आजवर एवढं कशावरच झालं नव्हतं.

२१ डिसेंबर

लेबल. योगिता मोबाईलवर करते. नाव ठरलं ‘रॉयल स्पाईस नेक्टर’. योगिता म्हणाली गुटख्यासारखं वाटतं. तिला ब्रँडिंगमधलं कळत नाही.

नावाखाली ‘बिनवासाचा’. त्याखाली हिरव्या ठिपक्यासह ‘शुद्ध शाकाहारी कुटुंबाची निर्मिती’. योगिताने विचारलं, कुठलं कुटुंब? मी म्हटलं, अशी एक पद्धत असते. तिने ती ओळ टाईप करायला नकार दिला. मीच केली. ‘शाकाहारी’ एका बोटाने टाईप करायला वेळ लागतो.

चंद्रावतीला लेबल दाखवायचं राहिलं. ती कामात होती.

५ जानेवारी

जिग्नेशला फोन केला. बोर्डीच्या रस्त्याला चिकूच्या वाडीत त्याचं हॉटेल आहे. मुंबईहून, सुरतेहून फॅमिल्या येतात, जाताना काउंटरवरून चिकूच्या चिप्स आणि लोणची घेऊन जातात. मोठं गिऱ्हाईक. म्हणाला, रविंद्रभाय, सॅम्पल आणो ने, बाला आवडलं तर आखा सीझन तुमचाच माल ठेवतो. बा म्हणजे त्याची आई. तिने चाखल्याशिवाय काउंटरवर काही येत नाही.

मग विचारलं, किचन तर व्हेज आहे ने? मी म्हटलं, पिढ्यान्पिढ्या. तो म्हणाला, धाकट्या डहाणूमां? मी म्हटलं, आमचं घर जरा कडेला आहे.

आहेच कडेला. समुद्राच्या.

११ जानेवारी

शांतपणे सगळं लिहायचं ठरवलं आहे.

खोके धरायला रिक्षात कुणीतरी हवं होतं, म्हणून चंद्रावती आली. खरं तर तीच म्हणाली, येते. तिने लग्नातली साडी काढली होती, दिवाळीच्या साडीला अजून मिरची आहे. गजरा माळला होता. रस्ताभर खोका मांडीवर घेऊन बसली, हिसका बसला की बाटल्या एका हाताने दाबून धरायची.

हॉटेलवर जिग्नेशने स्वागत केलं. चंद्रावतीकडे बघून विचारलं, ये कोण? आता, एकदा पिढ्यान्पिढ्या शाकाहारी म्हटल्यावर बोंबीलवाली बायको कुठून दाखवायची? प्रसंगच तसा होता. माझ्या तोंडून गेलं, पॅकिंगला असतात.

चंद्रावतीने खोका टेबलावर ठेवला आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. बाटलीवरचं लेबल ती तेव्हाच वाचत होती, बहुतेक. ओठ हलत होते.

बा आल्या. गरम भाकरीवर मध सोडला. घास तोंडाजवळ नेला आणि थांबल्या. पुन्हा हुंगला. म्हणाल्या, आमां तो बूमलानी वास आवे छे. बूमला म्हणजे बोंबील. जिग्नेशने बाटली नाकाला लावली, लगेच झाकण लावलं आणि हात धुवायला गेला. मी म्हटलं, शक्यच नाही, सगळ्या गावाकडून तपासून घेतलंय. त्याने आतून विचारलं, कोणत्या गावाकडून?

मी वाऱ्याबद्दल सांगितलं. किनारा जवळ आहे, वारा इकडून तिकडे जातो, मधाला वास धरायची सवय असते. बरंच सांगितलं. मग भिंतीपाशी उभी असलेली चंद्रावती बोलली. म्हणाली, बा, वास बोंबलाचाच हाय. आमाला येत नाय, तुमाला येतो. मिरची माझ्या वलांडीवर सुकलीय. बोंबील माझे. घर पण माझंच, आणि हे माझे मालक.

 बांनी स्वतः खुर्ची ओढून तिला बसवलं, पाणी दिलं, हे किती कष्टाचं काम असतं ते विचारत राहिल्या. मला कुणी बस म्हटलं नाही. गडबडीत राहिलं असेल.

खोका परत आणला. रिक्षात तिला विचारलं, राग आलाय का? म्हणाली, नाय. म्हणजे तो विषय तिथेच मिटला.

१३ जानेवारी

सकाळी बघतो तर मधल्या ओळीवर बोंबील. तोंडात तोंड अडकवून, शेवटपर्यंत. माझा दोरा गुंडाळून खुंटीला लावलेला.

होळीपर्यंत ती ओळ माझी होती. निदान विचारायचं तरी.

जिग्नेशच्या बांच्या नाकाला काहीतरी आजार असावा. वयोमानाने होतं.

२० जानेवारी

चंद्रावती सगळं बोलते. जेवायला वाढलंय म्हणते, गॅस संपलाय म्हणते, ताडपत्री धरा म्हणते. पण बाजारातलं काही सांगत नाही. पूर्वी आल्यावर टोपली ठेवता ठेवता कोण भेटलं, कोण काय बोललं, हिरीने काय चेष्टा केली, सगळं सांगायची. मी ऐकत नसायचो. आता ऐकायला बसतो तर ती आत निघून जाते. घर शांत असतं आणि मला ते अजिबात आवडत नाही. हे एवढं खरं लिहितो. खोडणार नाही.

योगिता मात्र बाटल्यांमागे लागली आहे. बोंबील निखाऱ्यावर भाजते, वरून माझा मध ओतते, खाते. शेजारच्या मुलींना बोलावून खाऊ घालते. आज म्हणाली, पप्पा, हे भन्नाट लागतंय, हेच असं बोंबलाबरोबर विका ना. मी तिला अटीची आठवण करून दिली. मासळी नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

खायच्या आधी ती प्रत्येक बाटलीचं लेबल ओल्या कपड्याने काढून ठेवते. का, विचारलं तर म्हणते, वाया कशाला घालवायची, लागतील कुठेतरी.

२८ जानेवारी

चंद्रावतीचा खांदा दुखतोय. म्हणाली, उद्या बाजाराला टोपली तुमी धरा. मी होकार दिला. मार्केट सर्व्हे म्हणून जायला हरकत नाही. मोठमोठे लोक आधी दुकानात उभे राहतात. टोपली फक्त निमित्त.

२९ जानेवारी, संध्याकाळ

तलासरीहून परत येताना गाडीतच लिहितोय. अक्षर हलतंय.

तलासरीचे लोक मोकळ्या स्वभावाचे. सकाळपासून जो येईल तो मला बघून हसत होता. बायका एकमेकींना कोपराने ढोसून हसत होत्या. मीही हसून नमस्कार करत होतो. ओळख नसताना एवढं प्रेम सहसा मिळत नाही. माल भराभर गेला. मला वाटलं, माझ्या वागण्याचा परिणाम. दुपारी हिरी आली, माझ्यापुढे उकिडवी बसली, टोपलीच्या कडेवरून बोट फिरवत हसू लागली आणि चंद्रावतीला म्हणाली, हे वाचून तर मी तुझ्याकडचे बोंबील घ्यायचंच सोडणार होते.

वाकून बघितलं. टोपलीला चारी बाजूंनी माझी लेबलं चिकटवलेली. ‘बिनवासाचा. शुद्ध शाकाहारी कुटुंबाची निर्मिती.’ आत बोंबील.

योगिताचं काम. चंद्रावतीला माहीत होतं का ते विचारलं नाही. ती हिरीला सुकट मोजून घालत होती आणि पदर तोंडाला लावून खांदे हलवत होती. कित्येक दिवसांनी हसताना बघितलं. मलाही हसू आलं. म्हणून म्हटलं, परत जाताना तिच्या शेजारी बसू, बाजाराचं बोलू, जमलं तर त्या दिवशीच्या पॅकिंगचंही बोलू.

गाडी आली. मी आधी चढलो, मागे दोघांची सीट धरली, टोपली पायाशी ठेवली आणि तिला हात केला. तिने बघितलं. पुढे जाऊन ड्रायव्हरजवळ उभी राहिली. गर्दी वाढली, माणसं दांडीला लोंबकळतायत, पण माझ्या शेजारी कुणी बसायला तयार नाही. एक जण बसायला वाकला आणि सरळ होऊन पुढे गेला. हल्ली माणसांना माणसांशेजारी बसायला नको असतं.

कंडक्टर आता तिच्यापाशी पोचला. माझ्याकडे बोट दाखवून विचारतोय, दोघं एकत्र का?

चंद्रावतीने वळून नीट बघितलं. मी हात वर केला.

नाय, म्हणाली.

महिलांचं अर्धं तिकीट वेगळं निघतं, म्हणून म्हणाली असेल. डहाणू यायला अजून वेळ आहे. सीट मोकळी आहे, पाय पसरून बसलोय.